शेरा

तक्त्यात सहा रकाने होते.
मार्ग, अंतर, थांबे, चढ, इंधन,
आणि कडेला बोटभर जागा: शेरा.
साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत भरून द्या, आवळेबाई,
पुण्याहून समिती येणार आहे.

यार्डात तेव्हा तीन गाड्या उभ्या होत्या,
दाखवायला आणलेल्या.
एक सीएनजीची, टपावर बाटले बांधलेली.
एक विजेची, दार उघडताना सुस्कारा टाकणारी.
एक इथेनॉलची. तिच्यामागे उभं राहिलं
की साखर कारखान्याच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटायचं.

दस्तगीर मुजावर, एकतीस वर्षं फिटर,
तिघींभोवती एकेक चक्कर मारून आले.
विजेच्या गाडीपाशी उकिडवे बसले, खाली डोकावले
आणि कंपनीच्या पोराला एवढंच विचारलं,
"बॅटरी खाली हाय का टपावर?"
पोरगं रेंज सांगू लागलं, चार्जिंगचा वेळ सांगू लागलं.
"त्ये ऱ्हाऊ दे. पंचगंगा एकोणचाळीस फुटाला आली
की आमी मान वर करतो,
त्रेचाळीसला गाड्या हलवतो.
तुजी गाडी कितीला पवाय लागती?"
पोरानं हे लिहून घेतलं नाही.
मी घेतलं.

कळंबा ते लक्ष्मीपुरी, पहाटेची पहिली.
अंतर किरकोळ, चढ किरकोळ.
पण मेथीची एक बुट्टी आत घ्यायला
चार बायकांचे हात लागतात,
आणि पायरी गुडघ्याच्या वर.
शेरा: इंधन कुठलंही चालेल. पायरी खाली आणा.

पापाची तिकटी.
लांब गाडी वळते, पण कंबर धरून.
कंडक्टर उतरतो, तीन मोटरसायकली उचलून बाजूला ठेवतो,
चौथ्या मोटरसायकलीचा मालक चहा संपवून येतो.
शेरा: लहान गाडी. नाहीतर दणकट कंडक्टर.

सीएनजी भरायला शिरोलीपर्यंत जायचं,
तर ते रिकाम्या गाडीचे किलोमीटर
कुणाच्या नावावर टाकायचे?

कागल.
हायवे सपाट, मात्र डिसेंबरात पुढे उसाची ट्रॉली,
तिच्यापुढे आणखी एक, डोलत.
आकाराम ड्रायव्हरचा वंदूरला अर्धा एकर ऊस आहे.
म्हणाला, "इथेनॉलवाली मला द्या, बाई.
रस्त्यावर पुढं माझाच ऊस,
टाकीत माझाच ऊस,
मधी मी, दुसऱ्या गिअरला."

गुरुवारी मी विजेच्या गाडीत बसून रंकाळ्याला गेले.
शेवटच्या बाकावर.
एक नवखा पोरगा कंडक्टर होता,
घरात बोलावं तसं म्हणाला, "पुढं साने गुरुजी वसाहत,"
आणि मला मागे ऐकू आलं.

चौदा वर्षं मी त्याच दांडीला धरून
इंजिनाच्या वरून ओरडले.
डॉक्टर म्हणाले, घशात गाठी झाल्यात,
म्हणून तर टेबल मिळालं, तक्ते मिळाले.
आता पाठीमागून कुणी हाक मारली
तरी मी फक्त हात वर करते.

वसाहत गेल्यावर, शेजारी कुणी नाही बघून,
मी हळूच म्हणाले, "तिकीट."
पुढच्या बाकावरच्या आजोबांनी
मागे न वळता दहाची नोट धरली.

मी ती घेतली नाही.
पण किती वेळ धरून राहिले होते ते.

ही गोष्ट सहा रकान्यांत कुठे बसते, माहीत नाही.
शेऱ्यात लिहिलं: यार्डात विजेची गाडी हलवण्यापूर्वी
खालची कुत्री उठवावीत. त्यांना कळत नाही.
इंधनाचा रकाना पेन्सिलीनं भरला,
साहेबांना खोडता यावा म्हणून.

पाच वाजता नळावर दस्तगीर हात धूत होते,
भुसा, साबण, परत भुसा,
नेहमीसारखं कोपरापर्यंत.
दिवसभर ते विजेच्या गाडीवरच होते,
हाताला काही लागलं नव्हतं.
तरी घासत होते,
आणि मधूनच बोटं नाकाशी नेत होते.